पट्ट्याचा बरू

१४ जानेवारी १९६६

बिरशा गावाकडे येऊन आठवडा झाला. चौथीतून शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, लिहीत नाही राह्यला तर अक्षरं विसरशील. इथं बोलायला माणसं कमी, म्हणून लिहितो.

कटंगीहून बालाघाट, बालाघाटहून बैहर, तिथून लाकडाच्या ट्रकवर बसून पुढं. घर एवढं लांब पडलं हे बरंच झालं. दादाजी म्हणजे माझे वडील, त्यांचं एकच म्हणणं, प्रेमलाल, बांधीत उतर. मी धानाच्या बांधीत उतरतो, पण मन धुऱ्यावरच बसून राहते. तुमसरला विड्या वळल्या, बालाघाटला हॉटेलात कपबशा धुतल्या. कुठंच टिकलो नाही. त्या हॉटेलात मुनशी हिरालाल चहाला आले होते. धानवाल्याचा पोरगा आहे म्हटल्यावर विचारलं, पाणी अडवता येते का. मी हौ म्हणालो. एवढ्यावर नोकरी लागली.

मालक नीळकंठराव जंगलाचे ठेकेदार. घर बालाघाटला, पण इथं नाल्याच्या काठी त्यांचा बंगला आहे. मे महिन्यात साहेब लोक शिकारीला येणार. पुढचे कूप, म्हणजे तोडीला काढलेले जंगलाचे तुकडे, कोणाला द्यायचे ते त्याच लोकांच्या हातात. म्हणून मालकांना बंगल्यासमोर पाण्याची बाग पाहिजे. कुठल्या तरी राजाच्या महालात पाहून आले आहेत. मला म्हणाले, बाग मे महिन्यात हिरवीगार दिसली तर तुला कायम करतो, राहायला खोली देतो. नाही दिसली तर आलास तसा जा.

बंगल्याच्या खाली, नाल्याच्या वळणावर, एक टोला, म्हणजे लहान वस्ती, आहे. बहुतेक गोंड लोक. आपल्या बोलीचं एकच घर, महागूभाऊचं. तुमसरकडचा माणूस, लाकडाची गाडी हाकायला आला आणि राहिला. मी त्यांच्याकडेच जेवतो. आज संक्रांत म्हणून तुळसावहिनीनं जवस भाजून गुळात घातलं, तीळ नव्हते. म्हणाली, गोड बोल म्हणत नाई तुले, बोलत जा म्हनलं तरी पुरे.

२२ जानेवारी

कलकत्त्याहून पेटी आली. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या मुळ्या, आल्याच्या गड्ड्यासारख्या पण जाड. मालक इंग्रजी नाव सांगतात, ते जिभेवर बसत नाही. आमच्याकडे नाल्याच्या काठी बरू होतो त्याच जातीचं झाड आहे. फरक एवढा की पानावर लांब पांढरे पट्टे असतात. मालकांच्या पुस्तकात चित्र पाहिलं. उंच, दाट, पाण्यात पाय ठेवून उभा. मी त्याला पट्ट्याचा बरू म्हणतो.

नाल्यात दगडी बांध घालून तळं केलंच आहे. काठाला मुळ्या लावल्या, मधे मधे बिरशाच्या तलावातून आणलेलं पाणकणीस. हिरालालजी बाजूला उभे राहून म्हणाले, घास के लिए कलकत्ता, वाह. हे मालक नसतानाच बोलतात.

५ फेब्रुवारी

तळं पाणी धरत नव्हतं. सकाळी भरलेलं संध्याकाळी खाली. मालकांनी पाहिलं आणि तोंड फिरवून गेले. मला झोप नाही. मागचा पावसाळा कोरडा गेला, वरून येणारी धार आताच मनगटाएवढी झाली आहे.

मग मी बांधाखाली वाळू उकरून पाहिली. हात घातला तर गार पाणी बोटांतून पळत होतं. वर दगडी बांध आहे, पण त्याच्या खालून वाळूतून सगळं पाणी टोल्याकडे निघून जाते. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. आमच्या गावच्या बोडीला, म्हणजे लहान तलावाला, पाळ घालतात तेव्हा आधी खाली खोदतात. मी या काठापासून त्या काठापर्यंत वाळूत चर खोदला, खाली कडक मुरूम लागेस्तोवर. त्यात तलावाची काळी चिकण माती भरली. महागूभाऊनं स्वतःचे बैल आणले. बैल फिरवले, मग आम्ही दोघांनी पायानं तुडवलं. थर टाकायचा, पाणी मारायचं, तुडवायचं. महागूभाऊ म्हणाला, "पाय दुखले तरी चालन, पन सासुरवाडीले सांगीन का मी साहेबाच्या बागेत नाचलो."

काल तळं भरलं. आज सकाळी तेवढंच होतं. एक बोट उतरलं नाही.

दादाजींची एक गोष्ट मात्र मी पाळली. आमच्याकडे पाण्यावरून कुऱ्हाडी निघतात, म्हणून ते म्हणतात खालच्याचं पाणी पूर्ण अडवू नये. मी बांधाच्या वर एका कडेला सांडवा ठेवला आहे. तळं भरलं की जास्तीचं पाणी त्यातून खाली जाते. कोणाचं काही अडवलं नाही. वाळूखालून फुकट जात होतं तेवढं थांबवलं.

मालकांनी पाठीवर हात ठेवला. असा हात घरी कोणी ठेवल्याचं आठवत नाही.

२४ फेब्रुवारी

फुटला. सगळीकडून फुटला. कोंब भाल्यासारखे वर येतात आणि मग पान उलगडते, अर्धं पांढरं, अर्धं हिरवं, कोणी चुन्यानं रेघा ओढल्यासारखं. सकाळी तोंड धुण्याआधी जाऊन बघतो. वारा आला की पानं एकमेकांना घासतात, नवीन कापडासारखा आवाज येतो. मी आजपर्यंत लावलेलं काहीच माझं नव्हतं. हे माझं आहे.

महागूभाऊ गाडी सोडली की काठाजवळ येऊन बघत बसतो. त्याला फार आवडला.

जेवताना तुळसावहिनी म्हणत होती, झिरा हातभर खाली गेला. टोल्यात विहीर नाही. नाल्याच्या वाळूत खड्डा करतात, त्यात पाणी झिरपून येते, ते कटोरीनं घागरीत भरतात. त्यालाच झिरा म्हणतात. वाळूतून गाळून आलेलं म्हणून पाणी स्वच्छ, गोड. मी म्हणालो, यंदा सगळीकडंच खाली गेलं असन. ती म्हणाली, हौ, यंदा सालच खराब आहे.

९ मार्च

होळी झाली. टोल्यात रंगाला पाणी नाही म्हणून राखेनंच खेळले. महागूभाऊनं मला पकडून दोन्ही गालांना राख फासली आणि म्हणाला, आता तू बी पट्ट्याचा.

बायांनी झिरा सोडून दुसरा खोदला, पहिल्यापेक्षा खोल. एक बाई आत उतरते, दुसरी वरून घागर देते. एक घागर भरायला फार वेळ बसावं लागते. वहिनी आता पहाटे जाते, म्हणून भात उशिरा होतो.

सांडव्यातून बोटाएवढी धार जाते अजून. मी रोज पाहतो. वाळूवर दहा-वीस पावलं जाऊन ती मुरते.

२८ मार्च

संकट आलं. पट्टे जाऊन राह्यले. ऊन वाढलं तसं पांढरं आधी पिवळट झालं, मग हिरवट. आता लांबून पाहिलं तर साधा बरू. मालक बालाघाटहून आले, जीपमधून उतरलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "हेच पाहायला मी कलकत्त्याहून मागवलं का? हे तर आमच्या म्हशी खातात."

मी दोन दिवस नुसता बसून होतो. गाठोडं बांधून ठेवलं आणि सोडलं. मग एक गोष्ट लक्षात आली. बकरीनं एका कोपऱ्यात बरू खाल्ला होता, तिथं नवीन फूट आली, ती पांढरी होती. म्हणजे नवीन पानाला पट्टे असतात, जुनं झालं की हिरवं पडते. मी विळा घेतला आणि सगळा बरू बुडापासून कापला. हिरालालजी ओरडत आले, म्हणाले, पागल झाला का. मी म्हणालो, मे महिन्याआधी पांढरा फुटते का नाई बघा.

पण नवीन फुटीला पाणी जास्त लागते. तळं काठोकाठ पाहिजे. मालकांनी सांगून पाठवलं, सांडवा बंद कर. मी माती लावून बंद केला. तसंही त्यातून धागाच जात होता, त्यानं कोणाचं काय भलं होणार होतं.

१५ एप्रिल

फूट आली. चित्रात आहे त्याच्यापेक्षा पांढरी. मालकांनी तळ्याभोवती काट्याची तार घातली, कारण टोल्याच्या बाया पाणी मागायला येऊ लागल्या. दोन्ही झिरे ओले चिखल झाले आहेत. हिरालालजी त्यांना म्हणतात, ये पीने का पानी नहीं, बाग का पानी है.

दुपारी हिरालालजी झोपतात. तेव्हा मी तुळसावहिनीला मागच्या बाजूनं दोन घागरी देत होतो. काल त्यांनी पाहिलं. मला बाजूला घेऊन अगदी शांत बोलले, ओरडले नाहीत. म्हणाले, "एक बाई को देगा तो पूरा टोला आएगा। देना है तो दे, फिर कटंगी की बस भी पकड़ ले।"

रात्रभर विचार केला. महिनाभरावर आलं आहे. एक महिना. त्यानंतर मी कायम. मग कोणाला पाणी द्यायचं ते माझ्या हातात असेल.

१७ एप्रिल

आज दुपारी वहिनी नेहमीसारखी घागर घेऊन तारेजवळ आली. मी म्हणालो, "वहिनी, आता नाई देता येत."

"काहून? आटलं का?"

"आटलं नाई."

तिनं माझ्या मागं पाहिलं. तळं भरलेलं होतं आणि त्यात बरू उभा होता. मला वाटलं बोलेल काही. ती म्हणाली, "झाडाले पायजे असन." टोमणा नव्हता. खरंच तसं समजून बोलली. घागर डोक्यावर उपडी ठेवून गेली, उन्हासाठी.

आज जेवायला गेलो नाही. पोट दुखते असं कळवलं. तर महागूभाऊ पेजेचं भांडं घेऊन स्वतः आला.

२५ एप्रिल

टोला आता खालच्या डबऱ्यातलं पाणी पिते. गावाच्या म्हशी त्यातच बसतात. कापडातून गाळून घेतात म्हणे. महागूभाऊ म्हणतो, चवीले भारी आहे, आधीच दूध घातलेलं येते. त्याच्याशिवाय कोणी हसलं नाही.

पेजेला वास येतो. मी खातो. दुसरं कुठं जाऊ जेवायला.

अक्ती, म्हणजे अक्षयतृतीया, झाली. टोल्यात लग्न होतं ते पुढं ढकललं. वऱ्हाडाला पाणी कुठून पाजणार.

८ मे

लिहिणं होत नाही, पण लिहितो.

परवा साहेब लोक आले. तीन जीपा. एक मेमसाहेब सरळ तळ्याजवळ गेल्या, बरूच्या पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, जंगल में ऐसी चीज. मालक हसले. मोठे साहेब म्हणाले, आमच्या बंगल्यालाही असं करून द्या. मालकांनी मला समोर बोलावलं, सगळ्यांच्या देखत म्हणाले, हा आमचा माळी, आता कायमचा. मी हात जोडले. हे ऐकायला किती दिवस थांबलो होतो. कानात आवाजच भरला.

त्याच वेळी टोल्यातून निरोप आला, महागूभाऊला उलट्या आणि हगवण. सकाळपासून. पळत गेलो. माणूस ओळखू येत नव्हता, डोळे आत गेलेले, पायात गोळे येत होते. पाणी मागत होता. वहिनी तेच डबऱ्याचं पाणी चमच्यानं पाजत होती.

मी परत वर पळालो. हिरालालजींना म्हणालो, जीप द्या, बिरशाच्या दवाखान्यात नेतो. ते म्हणाले साहेबांना मचाणावर जायचं आहे, जीप निघाली आहे. मालकांकडे जाऊ का म्हणालो, तर माझा दंड धरला. म्हणाले, आज नाही, आजच्या दिवशी मालकांच्या कानावर हैजा शब्द घालू नको, साहेब लोक उठून जातील.

मग महागूभाऊच्याच गाडीला त्याचेच बैल जुंपले. मी हाकलत होतो, वहिनी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन. सागाचं बन लागलं तिथं ती म्हणाली, "भाऊ, थांबव आता." मला वाटलं पाणी पाजायचं आहे.

तिथंच गाडी वळवली.

१२ मे

टोल्यात आणखी चौघं गेले. त्यात एक आठवड्याची बाळंतीण.

सरकारी डॉक्टर आले. सुया टोचल्या, डबऱ्यात लाल औषध टाकलं. बंगल्यावर चहा घेताना विचारत होते, आसपास चांगलं पाणी कुठं नाही का. हिरालालजी म्हणाले, इस साल कहाँ साहब. मी झारी घेऊन बरूच्या मुळाशी उभा होतो. डॉक्टरांनी तळ्याकडे पाहिलं, म्हणाले, छान ठेवली आहे बाग. तुम्हीच ठेवता का? मी हौ म्हणालो.

टोल्याच्या गुनियानं, म्हणजे भगतानं, सांगितलं, मरीमाय कोपली. तिचा लहान गाडा केला, हिरवी बांगडी, लिंबू, शेंदूर, आणि वाजत नेऊन शिवेवर सोडला. पूर्वी शीव टेकडीपाशी होती. आता ही काट्याची तार पडली म्हणून तारेपाशीच सोडला. सकाळी हिरालालजी म्हणाले, उठा ये. मी ओढत नाल्याच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवला. दोरी मीच धरली होती, पण मला काही झालं नाही.

२ जून

साहेब लोक गेले. कूप मालकांना मिळाले. मोठ्या साहेबांच्या बंगल्याला बरूच्या मुळ्या पाठवायच्या आहेत, मीच जाऊन लावायच्या. तिकडंही नालाच आहे.

मुळ्या काढायला तळं उतरवावं लागते. आत चिखलात मुळ्यांची अशी जाळी झाली आहे की पहार शिरत नाही. पाणी काढायचं म्हणून परवा मी बांधाखालची ती मातीची भिंत एका टोकाला फोडली. कुदळीला दगडासारखी लागली. फोडली तसं पाणी वाळूत शिरलं आणि दिसेनासं झालं. वर काहीच वाहिलं नाही.

५ जून

सकाळी टोल्यात आरडाओरड. मला वाटलं पुन्हा कोणी गेलं. बाया नाल्यात जमल्या होत्या. झिरा भरला आहे. पहिला, जुना, तो. वरपर्यंत. पाऊस नाही, आभाळ कोरडं, आणि झिरा भरला.

गुनिया म्हणते, माय शिवेपार गेली, पूजा पावली. सगळे तेच म्हणतात. पूजा झाली त्याला बरेच दिवस झाले म्हणा. मी भिंत फोडली त्याला पाच.

तुळसावहिनी वर आली. महागूभाऊ गेल्यापासून पहिल्यांदा आली. तारेपलीकडे बसली, म्हणाली, "मायनं ऐकलं, भाऊ. थोडं आधी ऐकलं असतं."

मी तिला बस म्हणालो, पाणी देऊ का म्हणालो. ती म्हणाली, आता काहून, आता तर झिऱ्यात आहे.

७ जून

कुदळ घेऊन गेलो आणि राहिलेली सगळी भिंत काढली. या काठापासून त्या काठापर्यंत. कोणी सांगितलं नव्हतं. दिवस गेला त्यात.

हिरालालजी सावलीत विडी पीत होते. मी विचारलं, मोठ्या साहेबांच्या बंगल्याखाली, नाल्याच्या अंगाला, कोणी राह्यते का.

ते म्हणाले, "नाला है तो कोई न कोई रहेगा ही। तेरे को क्या? तू बस वैसी ही मिट्टी की दीवार डाल, एकदम पक्की।"

११ जून

मुळ्या ओल्या पोत्यात भरून सावलीत ठेवायच्या होत्या. मी त्या नाल्याच्या काळ्या खडकावर पसरून ठेवल्या. त्या खडकावर पाय ठेववत नाही एवढा तापतो. आज जीप न्यायला आली. हिरालालजींनी एक मुळी उचलली, वाकवली, ती काटकीसारखी मोडली. दुसरी मोडली. मग माझ्याकडे पाहिलं.

म्हणाले, तूने सुखाया? मी हौ म्हणालो. काहून ते त्यांनी विचारलं. सांगायला शब्द होते, पण ते एकदा बोललो असतो तर बोलतच राहावं लागलं असतं. ते म्हणाले, मालक येण्याच्या आत निघ. माझ्यावर नाव येऊ देऊ नको. वाईट माणूस नाहीत ते तसे.

गाठोडं घेऊन टोल्यावरून खाली आलो. घरी जाणार नाही. ट्रक मिळेल तिकडं जाईन.

वहिनी झिऱ्यावर होती, एकटी. कटोरीनं घागर भरत होती. काम सुटलं म्हणालो. तिनं विचारलं नाही कसं सुटलं. म्हणाली, पानी पिऊन जा. ओंजळ धरली, तिनं कटोरीनं ओतलं. गार होतं, गोड होतं. सगळं पिऊन झाल्यावरच मी मान वर केली.

मग म्हणाली, "त्या झाडाची एखादी मुळी देशीन का? हे रोज येऊन बघत बसत तिथं. इथं झिऱ्यापाशी लावते, त्यायच्या नावानं."

मी म्हणालो, "एक बी जगली नाई, वहिनी. सगळ्या मेल्या."

"जाऊ दे," ती म्हणाली. "जगवणं-मारणं काय तुया हातात होतं?"

आणि घागर उचलायला हात लाव म्हणाली. मी हात लावला.